टाकी एकच, उत्तरं तीन: कॅल्क्युलेटरवर घनफळ काढताना नेमकं कुठे चुकलं

ताईकडे पाण्याची एक टाकी आहे, वरचा भाग सरळ गोल आणि खाली शंकूसारखी निमुळती होत गेलेली, टोकाला तोटी, म्हणजे उघडली की टाकी तळापर्यंत रिकामी होते. टाकीवर छापलेला लिटरचा आकडा कधीच पुसला गेलाय. ती आतून निर्जंतुक करायची होती आणि त्याचं औषध लिटरमागे ठरलेल्या प्रमाणातच टाकावं लागतं, कमी पडलं तर काम होत नाही आणि जास्त झालं तर धोक्याचं. त्यामुळे टाकीत नक्की किती पाणी मावतं हे काढायला घरचे तिघं बसले, भाऊजी, भाचा आणि भाची, प्रत्येकाच्या हातात वेगळा कॅल्क्युलेटर, आणि तिघांची उत्तरं इतकी वेगळी आली की संध्याकाळी भाचीचा मला फोन, "मामा, तू येच, इथे कुणाचंच कुणाशी जुळत नाहीये."

मी गेलो आणि पूर्ण हिशोब पुन्हा केला. तो सगळा इथे लिहून ठेवतोय, कारण यातली एकही चूक त्या तिघांपुरती नाही. गोल वस्तूचं घनफळ काढायला बसलेला कुणीही याच ठिकाणी अडकतो.

आधी मोजमाप. ते भाच्याने केलं होतं आणि खरंच मन लावून केलं होतं. टाकीचा व्यास बाहेरून सरळ मोजता येत नाही, म्हणून त्याने भोवती टेप गुंडाळून परीघ घेतला, ३८० सेंमी. ३८० भागिले पाय (π, साधारण ३.१४), म्हणजे बाहेरचा व्यास १२०.९६. झाकणाच्या कडेला भिंतीची जाडी अर्धा सेंमी दिसली, दोन्हीकडची मिळून एक वजा केली की आतला व्यास ११९.९६, तो १२० धरला, त्रिज्या ६०. सरळ भागाची उंची १५०. शंकूचा भाग तोटीपर्यंत ३८ सेंमी भरला आणि तोटीचं भोक ६ सेंमी व्यासाचं. इथे पोराने एक फार चांगली गोष्ट केली, ३८ तसेच सूत्रात टाकले नाहीत. शंकूचं टोक कापलेलं आहे, ३८ सेंमीत त्रिज्या ६० वरून ३ वर येते, म्हणजे ५७ ने कमी होते, म्हणजे दर २ सेंमीला ३, मग उरलेले ३ संपायला अजून २ सेंमी लागले असते, म्हणून पूर्ण शंकूची उंची ४०. कापलेल्या टोकाचं घनफळ जेमतेम १९ मिलिलिटर, चारेक चमचे, ते सोडून दिलं तरी चालतं. पण ३८ हीच शंकूची उंची धरली असती तर साडेसात लिटर कमी आले असते.

म्हणजे सूत्रात घालायचे आकडे तीनच: त्रिज्या ६०, सरळ उंची १५०, शंकूची उंची ४०. सूत्रंही तिघांना पाठ होती. सरळ भागाचं पाय × त्रिज्येचा वर्ग × उंची, शंकूचं त्याच्या एक तृतीयांश. आणि तरीही भाचीच्या मोबाइलवर ७३८९ लिटर, भाच्याच्या सायंटिफिकवर १७११.७४ लिटर, आणि भाऊजींच्या टेबलावरच्या साध्या १२ आकडी कॅल्क्युलेटरवर घन सेंटीमीटरमध्ये जे आलं ते २५५ अब्जांच्या पुढे, म्हणजे २५ कोटी लिटरच्या वर. भाऊजी म्हणाले, "बोट चुकलं असेल म्हणून तीनदा केलं, तीनदा तेच." बोट चुकलंच नव्हतं, त्यामुळे तेच येत राहणार होतं.

भाऊजींचं आधी बघितलं. त्यांनी वहीत लिहिलेलं जसंच्या तसं दाबलं होतं:

३.१४ × ६० × ६० × १५० + १ ÷ ३ × ३.१४ × ६० × ६० × ४० =

कागदावर हे अगदी बरोबर आहे. पण साधा कॅल्क्युलेटर आख्खी ओळ वाचतच नाही, पुढचं चिन्ह दाबलं की मागचं जे काही साठलंय त्याचा हिशोब तिथल्या तिथे उरकून टाकतो. आम्ही परत हळूहळू दाबत गेलो आणि दर बटणाला पडद्याकडे बघत राहिलो. १५० पर्यंत १६,९५,६००, छान, हे सरळ भागाचं घनफळ. मग + १ आणि ÷ दाबल्याबरोबर पडद्यावर १६,९५,६०१. इथेच भाऊजी थांबले, "अरे, याने तर एक त्याच्यातच मिळवला." मिळवला, आणि पुढे आख्ख्या सरळ भागालाच ३ ने भागलं, मग त्याला परत ३.१४, ६०, ६०, ४० ने गुणलं. आठ आकडी मशीन असतं तर मध्येच एरर दाखवून अडकलं असतं, निदान काहीतरी बिनसलंय एवढं तरी कळलं असतं. बारा आकडी असल्यामुळे ते गुपचूप शेवटपर्यंत गेलं.

भाचीची चूक सगळ्यांना माहीत असलेली, तरी रोज होणारी. तिने त्रिज्येच्या जागी १२० टाकले होते. तिचा मोबाइल गुणाकार-भागाकार आधी आणि बेरीज नंतर असा क्रम पाळतो, त्यामुळे बाकी सगळं बरोबर झालं आणि उत्तर बरोब्बर चौपट आलं, कारण त्रिज्येचा वर्ग होतो, दुप्पट त्रिज्या म्हणजे चौपट घनफळ. गोल आकारात उत्तर चार पट किंवा पाव पट आलं की पहिला संशय व्यास-त्रिज्येवर घ्यायचा. (पूर्ण गोळा असेल तर आठ पट, तिथे त्रिज्येचा घन असतो.) ती जरा हिरमुसली. तिला म्हटलं, अगं टेपने हाताला लागतो तो परीघ नाहीतर व्यास, सूत्राला हवी असते त्रिज्या, ही अर्ध्याची पायरी कागदावर वेगळी लिहिली नाही तर ती डोक्यातच राहून जाते.

आता भाच्याचं, आणि मला खरी काळजी याचीच वाटली, कारण १७११ हा आकडा बघून कुणालाच काही वावगं वाटत नाही. टाकी दिसायला तेवढीच दिसते. बाकी दोघांची उत्तरं उघडउघड वेडीवाकडी, म्हणून घरात जवळजवळ ठरलंच होतं की दादाचं बरोबर, त्याच्याकडे चांगलं मशीन आहे.

त्याने सरळ भाग वेगळा काढला, १६९६.४६ लिटर, बरोबर. मग शंकूसाठी त्याने दाबलं १ ÷ ३पाय × ६०² × ४०. तीन आणि पाय यांच्यामध्ये गुणाकाराचं चिन्ह नाही. वहीत आपण असंच चिकटवून लिहितो ना, तसंच. पण बऱ्याच सायंटिफिक कॅल्क्युलेटरमध्ये चिन्ह न देता चिकटवलेला गुणाकार भागाकाराच्या आधी होतो, म्हणजे मशीनने ते १ भागिले (३ × पाय) असं वाचलं आणि जो पाय वर गुणायला हवा तो खाली जाऊन बसला. शंकूचं उत्तर १५०.८० लिटर यायचं ते १५.२८ आलं, पायच्या वर्गाने म्हणजे जवळजवळ दहा पटीने कमी. सगळीच मशीन असं करत नाहीत, काही डावीकडून उजवीकडे जातात आणि त्यांच्यावर हेच दाबून बरोबर उत्तर येतं. म्हणून चिन्ह दाबायचा आळस करायचा नाही आणि भागाकाराच्या खाली एकापेक्षा जास्त गोष्टी असतील तर कंस टाकायचा. तुमचं मशीन कसं वागतं ते बघायचं असेल तर १ ÷ २पाय दाबून बघा, १.५७ आलं तर ते सरळ चालतं, ०.१५९ आलं तर चिकटलेलं आधी धरतं.

पण मशीनच्या सवयी कळल्या तरी मूळ प्रश्न राहतोच, उत्तर चुकलंय हे कळायचं कसं? भाच्याचा आकडा ऐकून मलाही लगेच काही सांगता आलं नसतं. तेव्हा कॅल्क्युलेटर बाजूला ठेवला आणि भाचीला म्हटलं, ही टाकी एका चौकोनी खोक्यात घालून बघ. खोकं १२० बाय १२० आणि पूर्ण उंची १९०. गुणाकार २७,३६,००० घन सेंमी, म्हणजे २७३६ लिटर. टाकी खोक्याच्या आत आहे, तेव्हा यापेक्षा मोठं कुठलंही उत्तर शक्यच नाही. ७३८९ गेलं, २५ कोटी गेलं.

आता खालची बाजू. चौकोनात बसवलेलं वर्तुळ चौकोनाच्या पाऊण भागापेक्षा थोडं जास्त असतं, नक्की आकडा ०.७८५. तर सरळ भागाचं खोकं १२० × १२० × १५० म्हणजे २१६० लिटर, त्याचा पाऊण भाग १६२०. शंकूचं खोकं ४० उंचीचं, ५७६ लिटर, त्याचा पाऊण भाग आणि त्याचा एक तृतीयांश, म्हणजे सरळ पाव, १४४. बेरीज १७६४, आणि पाऊणपेक्षा थोडं जास्तच असतं त्यामुळे खरं उत्तर १७६४ च्या वर असलंच पाहिजे. भाचा गप्प बसून ऐकत होता, तो म्हणाला, "म्हणजे माझं पण गेलं." गेलं. आणि यात कुठेही पायचं बटण लागलं नाही, शंभरच्या पाढ्यातले आकडे होते. मला मनापासून वाटतं की शाळेत सूत्र शिकवतानाच हे खोकं शिकवायला हवं, कारण कॅल्क्युलेटर दिलेल्या आकड्यांचा गुणाकार चुकवत नाही, पण तुम्हाला नेमकं काय विचारायचं होतं हे त्याला कुठून कळणार.

शंकू एक तृतीयांशच का, हे भाचीने विचारलं. याची सिद्धता ग्रीक गणिती युडॉक्ससने दिली असं खुद्द आर्किमिडीजने लिहून ठेवलंय, ती इथे मांडत बसत नाही. हाताला पटवायचं असेल तर सारख्या तोंडाचा आणि सारख्या उंचीचा शंकू आणि डबा जाड कागदाचे करा आणि वाळूने भरून बघा, तीन शंकू ओतले की डबा भरतो.

मग बरोबर रीत. सायंटिफिकवर आणि क्रम पाळणाऱ्या मोबाइलवर सोपं आहे, पाय × ६०² × (१५० + ४० ÷ ३) ÷ १००० =, आणि उत्तर १८४७.२६ लिटर. दोन्ही भागांचा तळ एकच आहे म्हणून त्रिज्येचा वर्ग एकदाच घेतला, शंकूची ४० उंची म्हणजे सरळ भागाच्या १३.३३ सेंमीइतकीच, हे एकदा डोळ्यासमोर आलं की अर्धं काम हलकं होतं.

भाऊजींच्या मशीनला कंस नाही आणि पायचं बटणही नाही. तिथे दोन रस्ते. एक म्हणजे मेमरी: ६० × ६० × १५० करून एम प्लस (M+, आलेला आकडा मेमरीत मिळवायचं बटण), पडदा साफ करून ६० × ६० × ४० ÷ ३ करून परत एम प्लस, मेमरी परत आणली की ५,८८,०००, त्याला पायने गुणायचं. सुरुवातीला मेमरी रिकामी आहे ना ते बघून घ्या, आधीचं काही साठलेलं असेल तर तेही मिळवलं जातं. दुसरा रस्ता त्याच्या सवयीचाच फायदा घ्यायचा:

४० ÷ ३ + १५० × ६० × ६० × ३५५ ÷ ११३ ÷ १००० =

साध्या मशीनवर हे पुढे पुढे हिशोब करत १८४७.२६ वर येतं, मेमरी लागतच नाही. मध्ये ५,८७,९९९.९९ असं काहीतरी दिसलं तेव्हा भाऊजी दचकले, पण ते फक्त १३.३३३ ची शेपटी कापली गेल्यामुळे, त्याने काही बिघडत नाही. (आठ आकडी असेल तर ÷ १००० आधी उरकून घ्या, नाहीतर ३५५ ने गुणल्यावर आकडा नऊ अंकी होऊन अडकेल.) आणि गंमत बघा, हीच बटणं याच क्रमाने भाचीच्या मोबाइलवर दाबली तर १७०९.७९ येतं, कारण तो गुणाकार आधी करतो आणि १३.३३ नुसतेच शेवटी मिळवतो. भाच्याचं १७११ आणि हे १७०९ जवळजवळ आलेत म्हणून एकमेकांना दुजोरा देतात असं वाटू शकतं, प्रत्यक्षात दोन्हीकडे तोच प्रकार झालाय, शंकू जवळपास गायब.

३५५ ÷ ११३ कुठून आलं तर हा पायचा फार जुना अपूर्णांक, पाचव्या शतकात चीनमध्ये झू चोंगझीने दिलेला, दशांशाच्या सहा स्थानांपर्यंत बरोबर. आपल्याकडे आर्यभटाने ४९९ साली ३.१४१६ दिलं आणि सोबत आसन्न, म्हणजे जवळपासचं, असंही स्पष्ट सांगितलं. शाळेतलं २२/७ खऱ्यापेक्षा किंचित मोठं आहे, ते आर्किमिडीजने सिद्ध केलेलं. या टाकीपुरतं सांगायचं तर ३.१४ ने १८४६.३२ लिटर येतात, २२/७ ने १८४८, आणि ३५५/११३ ने जो फरक पडतो तो आख्ख्या टाकीत तीन-चार थेंबांचा.

यावरून भाचा आणि भाऊजी यांची बराच वेळ चर्चा चालली, कुठला पाय घ्यायचा. पण टेप परिघावर एक सेंमी इकडे-तिकडे झाली असेल तर उत्तर जवळजवळ दहा लिटरने हलतं, आणि २२/७ ने पाऊण लिटरचाही फरक पडत नाही. म्हणून वेळ घालवायचा तर टेप पुन्हा लावण्यात घालवा, खाली-मध्ये-वर तीन ठिकाणी. शंकूच्या १/३ ऐवजी ०.३३ लिहिणं मात्र टाळा, त्याने दीड लिटर जातो, आणि ०.३ लिहिलं तर पंधरा. शेवटी ३ ने भागणं सगळ्यात बरं. आणि गोल करायचं ते अगदी शेवटीच.

एककांचं तसं थोडक्यात आहे पण चुकतं ते मोठं चुकतं. घन सेंमीला १००० ने भागलं की लिटर. घन मीटर हवे असतील तर १०० ने नाही, १०० × १०० × १०० म्हणजे दहा लाखाने भागायचं, आपली टाकी १.८४७ घन मीटर.

दुसऱ्या दिवशी पडताळा घेतला. तोटी बंद करून १५ लिटरच्या खुणेपर्यंत भरलेल्या बादल्या ओतल्या, भाची मोजत होती आणि भाचा वरून टॉर्च मारून बघत होता. त्याच्या पहिल्या उत्तराप्रमाणे एका बादलीत शंकू भरायला हवा होता. दहावी बादली ओतली तेव्हा पाणी सरळ भाग सुरू होतो त्या सांध्याला टेकलं. १५०.८ भागिले १५, दहा आणि वर थोडं. त्या दिवशी त्या दोघांचे चेहरे बघण्यासारखे होते, आकडा आणि पाणी एकाच रेघेवर आलेलं पहिल्यांदाच बघत होते.

औषधासाठी मात्र १८४७ वापरलं नाही. ओव्हरफ्लोचा पाइप वरच्या कडेपासून १० सेंमी खाली आहे, त्याच्या वर पाणी जातच नाही. सरळ भागात दर सेंमीला ११.३१ लिटर, १० सेंमीचे ११३, म्हणजे प्रत्यक्ष पाणी १७३४ लिटर, औषध तेवढ्याच हिशोबाने मोजलं.

मग बाहेरून रंग द्यायचा म्हणून क्षेत्रफळ निघालं आणि ते फारच सोपं पडलं, कारण बाहेरच्या वक्र भागाला पाय लागतच नाही, परीघ टेपने घेतलेलाच आहे. ३८० × १५० म्हणजे ५७,००० चौ. सेंमी. खालच्या निमुळत्या भागाचा वरचा परीघ ३८०, तोटीजवळचा २२, दोन्हींची सरासरी २०१, आणि तिरकी उंची टेपने ६९ भरली, २०१ × ६९ म्हणजे १३,८६९. इथे उभी उंची घ्यायची नाही, रंग तिरक्या पृष्ठभागावर लागतो. सपाट झाकणासाठी ३८०² ÷ (४ × पाय), ११,४९१, आणि या वेळी भाच्याने कंस स्वतःहून टाकला. एकूण ८२,३६०. भाऊजींनी सवयीने १०० ने भागून ८२३ चौरस मीटर सांगितलं, भाचीने लगेच अडवलं, "बाबा, चौरस आहे, दहा हजाराने." ८.२४ चौरस मीटर.

शेवटचं काम तिनेच मागून घेतलं, टाकीत उभी सोडायला लिटरच्या खुणांची पट्टी. सरळ भागात खुणा सारख्या अंतरावर येतात, पण शंकूत तसं नाही, तिथे उंचीच्या घनाप्रमाणे पाणी वाढतं, अर्ध्या उंचीला निम्मं नाही तर आठवा भाग. तिने १५०.८ ला उंची भागिले ४० ने तीनदा गुणत टोकापासून १० सेंमीला २.४ लिटर, २० ला १८.९, ३० ला ६३.६ अशा खुणा काढल्या. पट्टी लावायच्या आधी मला थांबवून म्हणाली, मामा, टोक तोटीच्या २ सेंमी खाली आहे, तर १० ची खूण तोटीपासून ८ वर येईल ना. तशीच लावली.